नुसता वास

ताप उतरला, अंगात ताकद आली, भूकही लागायला लागली. पण चिमीला वास यायचा बंद झाला तो झालाच. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एका सकाळी गॅसवर दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं. शेजारीण नाकाला रुमाल लावून धावत आली, आणि चिमी मात्र त्याच ओट्याकडे पाठ करून शांतपणे लिंबं पुसत उभी होती. तेव्हा तिला कळलं की ही सर्दी नव्हे.

दुसऱ्या कुणाचं यात फारसं अडलं नसतं. पण चिमी एका मोठ्या हॉटेलात बारटेंडर होती. उंचीने एवढीशी, म्हणून घरात चिमी आणि बाहेरही चिमीच. काउंटरमागे तिच्या पायाखाली एक फळी टाकलेली असायची. कॉकटेल पुढे सरकवण्याआधी ती ग्लास नाकाजवळून नुसता फिरवायची, आणि काय कमी, काय जास्त ते तिला कळायचं. जिभेचं निम्मं काम नाकच करतं. ते गेल्यावर तिला संत्रं नुसतं आंबट लागायला लागलं आणि दालचिनी म्हणजे तोंडात धरलेली काडी.

काही दिवस तिने अंदाजपंचे निभावून नेलं. मग एका पाहुण्याला नासलेली साय घातलेलं कॉकटेल गेलं. कुणी काही विचारायच्या आतच चिमीने पाठदुखीचं कारण सांगून नोकरी सोडली. नवरा कधीच वेगळा झाला होता, मूलबाळ नव्हतं. खरं कारण सांगायलाही घरात कुणी नव्हतं.

घरी बसून करता येण्यासारखी एकच गोष्ट तिला येत होती. वोडकात, जिनमध्ये, रममध्ये फळं आणि मसाले मुरत घालायचे, बरण्या अंधारात ठेवायच्या, रोज हलवायच्या, वेळ झाली की फडक्यातून गाळायच्या. एकेकाळी तिच्या हाताखाली ग्लास धुणारा पोरगा आता चौकात स्वतःचा छोटा बार चालवत होता. ती थट्टेने त्याला 'मालक' म्हणायची, तो तिला 'ताई'. तो बाटल्या घ्यायला आनंदाने तयार झाला. नाकाचं तिने त्यालाही सांगितलं नाही.

प्रमाण हाताला पाठ होतं. पण फळ दोनदा सारखं निघत नाही. एकदा संत्र्याची साल जाड निघते, एकदा लवंग ताजी आणि तिखट. वास घेऊन थांबायचं कधी हे ठरवायचं असतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. एक दिवस मालकाचा फोन आला.

"ताई, रागावू नका. पण तुमच्या लवंगेच्या रमचा घोट घेतला की दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय."

चिमी फोनवर खो खो हसली. फोन ठेवला आणि लवंगेच्या बरणीत नाक खुपसून पाहिलं.

त्याच सुमारास दादा तिच्याकडे राहायला आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सुतार होता, आणि चांगला सुतार होता. त्याने बसवलेला दरवाजा बोटाने ढकलला तरी आवाज न करता मिटायचा. पण दारूने त्याला आतून पोखरलं. आधी कामं सुटली, मग हात थरथरायला लागले, शेवटी वहिनीने घराचं दार बंद केलं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो बाहेर पडला तेव्हा सुकलेल्या शेंगेसारखा झाला होता, पण शुद्धीत होता. वहिनी त्याला परत घ्यायला तयार नव्हती. "माझ्याच्यानं आता होणार नाही," एवढंच ती म्हणाली.

केंद्रातल्या बाईंनी चिमीला फोनवर विचारलं होतं, "घरात दारू नाही ना?"

"नाही," चिमी म्हणाली. बोलताना ती बरण्यांच्या रांगेसमोरच उभी होती.

फोन झाल्यावर तिने सगळ्या बरण्या स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत हलवल्या, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दादाने आल्या आल्या ते कुलूप पाहिलं.

"आत काय आहे?"

"माझं काम."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. "मला दाखवू नकोस."

पहिले काही दिवस बरे गेले. दादा सकाळी लवकर उठायचा, केर काढायचा, भांडी घासायचा. हातातून कपबशी निसटायची, म्हणून स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायचा. कधी कधी जुन्या आठवणी काढून दोघं हसायची. एका सकाळी चिमी आतल्या खोलीत बरणी उघडून ढवळत होती. बाहेर दादा भाजी निवडत होता. तो तिथूनच म्हणाला, "चिमे, तुझी संत्री कडवट झालीत."

चिमीचा हात थांबला. "तुला काय माहीत?"

"वास येतोय ना. साल सोलताना आतलं पांढरं राहिलंय. आणि त्यात दालचिनी आहे का? तिचं आता लाकूड झालंय. ओल्या भुश्शासारखा वास येतोय. काढून टाक."

तिने काढून टाकली. मालकाने ती बाटली नेली आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणाला, "ताई, आता कसं, जुन्या ताई परत आल्या!"

चिमी रात्रभर तळमळली. सकाळी चहा घेताना तिने दादाला सगळं सांगितलं. तापाचं, सायीचं, पाठदुखीच्या थापेचं. दादा ऐकत राहिला. मग त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली.

"एवढंच ना? मला हात नाहीत, तुला नाक नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो."

"नको दादा. तुला त्या खोलीत नेणं बरोबर नाही."

"खोलीत कशाला? तू बाहेर आण. मी नुसता वास घेतो."

नाही म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण कुलपामागे अर्ध्या मुरलेल्या बरण्या रांगेने उभ्या होत्या, आणि त्यांतली कुठली बिघडलीय हे तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, "नुसता वास. थेंबही नाही."

"थेंबही नाही. आईची शपथ."

मग ते रोजचंच झालं. दादा खुर्चीत बसायचा आणि स्वतःहून दोन्ही हात पाठीमागे बांधायचा, शाळेत बाईंनी शिक्षा केल्यासारखा. चिमी बरणीचं झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरायची. तो डोळे मिटून सांगायचा. आलं अजून कच्चं आहे, दोन दिवस राहू दे. मिरी पुढे गेलीय, आलुबुखार मागे राहिलाय. त्याला नेमके शब्द सापडायचे, सुताराचे शब्द. हे खडबडीत आहे, याला अजून रंधा हवा. हे गुळगुळीत झालंय, आता हात लावू नकोस. "मधुमेह झालेल्याला मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसवलंय तू," तो हसत म्हणायचा. चिमीही हसायची. पण झाकण लावताना तिचं लक्ष त्याच्या गळ्याकडे जायचं. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत असायची.

नासपती आणि वेलदोडा ही कल्पना त्याचीच. "नासपती लाजाळू असते," तो म्हणाला. "तिच्याबरोबर लवंगेसारखं भांडखोर माणूस बसवू नकोस. वेलदोडा बसव, तोही सालीसकट, नुसता ठेचून." ती वोडका मालकाच्या बारमध्ये अशी चालली की लोक नाव घेऊन मागायला लागले. दादाच्या अंगात जीव आला. त्याने कुठूनतरी फळ्या मिळवल्या आणि बरण्यांसाठी मांडणी करायला घेतली. पहिल्या दिवशी खिळा वाकडा गेला, हातोडी बोटावर बसली. पण हळूहळू हात ठरत गेला. आठवड्याभरात तो करवत सरळ रेषेत चालवायला लागला. चहाही कपातून प्यायला लागला.

चिमीने ते पाहिलं आणि तिला भरून आलं. तिला वाटलं, कामाने माणूस सावरतो म्हणतात ते खोटं नाही.

हात का ठरला होता, हे तिच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि तिने दाराबाहेर थांबवून ठेवलं, हे तिचं तिलाच ठाऊक. कारण इतरही गोष्टी दिसत होत्याच. दादा दुपारी फार गाढ झोपायचा. डोळे लालसर असायचे. कचरा टाकायचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. पण बरण्यांची पातळी चिमी रोज तपासायची, आणि ती बोटभरही कमी झालेली नसायची. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात. मग काळजी कसली?

वहिनी आली ती दादाची हत्यारं द्यायला. तो परत काम करतोय हे तिच्या कानावर गेलं होतं. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. हात सदा पांढरे, सुरकुतलेले. दादा लगबगीने पुढे झाला आणि पेटी घ्यायला वाकला. वहिनीचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. तिने पेटी दिली, त्याची चौकशी केली, आणि तो आत गेल्यावर चिमीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हा प्यायलाय."

"नाही वहिनी. शक्यच नाही. सगळं कुलपात आहे."

"अगं, भपकारा मारतोय तोंडाला! सकाळच्या वेळी! तुला वास येत नाही?"

चिमी ओटा पुसायला लागली.

"चिमे, मी विचारतेय."

"नाही येत," चिमी म्हणाली. "तापानंतर गेला. मला कसलाच वास येत नाही."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग त्या कुलूपबंद दाराकडे, मग त्यासमोरच्या खुर्चीकडे. ती शहाणी बाई होती. तिला समजायला वेळ लागला नाही.

"मग तुझ्या बाटल्यांचा वास कोण घेतं?"

चिमीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"त्याची दारू सोडवायला मी काय काय केलं ते तुला माहीत नाही," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "दार लावलं तेही त्यासाठीच. मला वाटलं, बहिणीकडे आहे, सुटले. तू तर त्याला कामालाच लावलंस." ती पाणीही न पिता निघून गेली.

चिमी मागच्या दारी गेली. कचऱ्याची बादली उघडली. सालं होती, कागद होते, चहाचा चोथा होता. काल गाळलेली नासपती नव्हती. आलुबुखार नव्हते. दारूत आठवडाभर मुरून, रस सोडून, दारू पिऊन टम्म झालेली फळं. गाळून झाली की चिमी ती नेमाने बादलीत टाकायची आणि पुन्हा तिकडे बघायचीही नाही.

दादा तिच्या मागे येऊन उभा होता.

"प्यायलो नाही गं," तो म्हणाला. "शपथ मोडली नाही. नुसती फळं खाल्ली."

"कधीपासून?"

"फेकवत नव्हतं. एवढी चांगली नासपती." त्याने हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "पहिल्या दिवशी एकच फोड खाल्ली."

चिमी तिथेच पायरीवर बसली. त्याच दिवशी बरण्या ओतून दादाला केंद्रात घेऊन जायचं, हे तिला दिसत होतं. पण चार दिवसांनी मालकाच्या बारमध्ये मोठी पार्टी होती, आणि त्यांना हवी होती ती नासपतीचीच. ती अर्धी मुरली होती. चिमी म्हणाली, "ही एवढी पूर्ण झाली की सगळं बंद. मग केंद्रात."

"हो," दादा घाईने म्हणाला. "ही पूर्ण होऊ दे. अर्धवट काम सोडायचं नसतं."

दोघांनाही ते फार लवकर पटलं.

त्या चार दिवसांत ती गाळलेल्या फळांवर भांडी घासायची पावडर टाकायची, वरून पाणी ओतून कालवायची आणि मग बादलीत टाकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून आली तर दादा मोरीत उभा. नळाखाली गाळणी धरली होती, आणि तो एकेक फोड बोटांनी चोळून, उलटून पालटून धूत होता. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा. हात अजिबात थरथरत नव्हते.

"दादा!"

तो दचकला. गाळणी पाठीमागे लपवली. ओठांवर फेस होता.

"साबण निघतो गं," तो म्हणाला. "बघ, जवळजवळ निघाला."

चिमीने गाळणी हिसकावून घेतली आणि फळं पायाने चिरडली. दादाने फडकं आणून जमीन पुसली. संध्याकाळी ती पुन्हा झाकण उघडून त्याच्यासमोर बसली, कारण पार्टी दुसऱ्या दिवशी होती. त्याने हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले.

"झाली," तो म्हणाला. "आता गाळ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाटल्या घेऊन बारमध्ये गेली. अर्ध्या तासात परत यायचं होतं. पण तिथे एक पोरगी पहिल्यांदाच काउंटरमागे उभी होती, गांगरली होती, आणि मालक म्हणाला, "ताई, हिला जरा दाखवता का?" चिमी फळीशिवायच काउंटरमागे शिरली. ग्लास, बर्फ, लिंबाची चकती. किती दिवसांनी. मालकाने एक घोट घेऊन डोळे मिटले, "वा!" म्हणाला. चिमीचा पाय तिथून निघेना. घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते.

आतल्या खोलीचं दार भिंतीला टेकवून उभं होतं. कुलूप तसंच, कडीत. दादाने बिजागऱ्याच सोडवल्या होत्या. एकही ओरखडा नाही, एकही ढलपी नाही. सगळे स्क्रू एका बशीत नीट काढून ठेवले होते, पुन्हा बसवायला सोपे जावेत म्हणून.

दादा त्याने स्वतः केलेल्या मांडणीला टेकून बसला होता. एक बाटली तिने मागे ठेवली होती, ती रिकामी होती. आलुबुखाराच्या बरणीतली रमही संपली होती. शर्टावर, जमिनीवर, भिंतीवर जे होतं ते तिला आधी आलुबुखाराचा रस वाटलं. ते रक्त होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय प्यायले?"

"वोडका," चिमी म्हणाली. "नासपतीची. वेलदोडा घातलेली. आणि रम." डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग नुसतं 'दारू' असं लिहिलं. म्हणाले, यकृत आधीच गेलेलं होतं, आतल्या शिरा फुटल्यात. प्रयत्न करतो, पण आशा धरू नका.

तो दोन दिवस राहिला. वहिनी पाळी संपली की धुलाईघरातून तशीच वर यायची आणि त्याचे पाय चेपत बसायची. चिमीशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा थोडा शुद्धीवर आला. वहिनीला ओळखलं, तिचा हात धरला. मग चिमीकडे बघून म्हणाला, "एकदा तरी बघायची होती गं. आपण केलेली. कशी लागते ती."

चिमीला विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं, "कशी होती?"

"वेलदोडा जरा कमी पडला," दादा म्हणाला, आणि डोळे मिटले. संध्याकाळी तो गेला.

मालक भेटायला आला. त्याला कुणीतरी पोटाचा आजार म्हणून सांगितलं होतं. घरात वावरायचं कसं न कळून तो दाराजवळच बसला, चार बऱ्या गोष्टी बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "ताई, सावकाश होऊ द्या. लोक नासपतीचं विचारतायत, पण घाई नाही." चिमीने त्याला सगळं सांगितलं. नाकाचं, खुर्चीचं, पाठीमागे बांधलेल्या हातांचं. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला. नमस्कार करायचंही विसरला. पुन्हा आला नाही, फोनही केला नाही.

बरण्या तिने मोरीत ओतल्या. ओतताना शेजारणीने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. मांडणी मात्र मोडवेना, म्हणून तिथेच राहिली. आता तिच्यावर जुनी भांडी असतात. चिमी एका दुकानात कपबश्या विकते. फार बोलत नाही. गिऱ्हाईकांना वाटतं, बाई अबोल आहेत.

बऱ्याच दिवसांनी वहिनी आली. दार उघडं होतं, ती सरळ आत येऊन ओट्याशी उभी राहिली. चिमीने भात टाकला होता, भाजी चिरायची होती. मग चिमीनेच धीर केला.

"वहिनी, तुम्ही मला माफ केलंत का?"

"नाही," वहिनी म्हणाली. तिने विळी पुढे ओढली, कांदा हातात घेतला. "आणि स्वतःलाही नाही. त्या दिवशी मी पेटी देऊन निघून गेले. त्याला हाताला धरून न्यायला हवं होतं. नेलं नाही. मला माझी झोप प्यारी होती."

वहिनीने कांदा चिरला, आणखी एक घेतला. भात शिजला तेव्हा दोघींनी ताटं वाढून घेतली आणि समोरासमोर बसून जेवल्या.